मुशीचा पुडा

मनस्वी टूर्सचा प्रवासी विमानतळाच्या दारातून कधी परत फिरत नाही, असं मी लोकांना वीस वर्षं सांगत आलो. ते खोटं नव्हतं. पनवेलच्या बाजारात तिकिटं काढून देणारी आठ-दहा दुकानं आहेत, पण आधी कागद तपासून, मग माणूस तपासून, मगच गाडीत बसवणारा मी एकटा. दुकानाला मुलीचं नाव दिलंय, म्हणून इज्जतीचा प्रश्न, असं मी म्हणायचो. खरं तर गर्व होता. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते काही उगाच नाही.

सुरुवात झाली यूनुसभाईंपासून. माझं अगदी पहिल्या वर्षातलं गिऱ्हाईक, आणि दारातून परत फिरलेलं एकमेव. निघाले होते आखातात मेहुण्याकडे. विमानतळावरच्या साहेबाने विचारलं, कशासाठी चाललात? यूनुसभाई म्हणाले, मेहुण्याला भेटायला, काम मिळालं तर काम करीन, नाहीतर महिनाभर फिरून येईन. व्हिसा फिरायचा आणि तोंडात काम. संध्याकाळी बॅगेसकट माझ्या दुकानात हजर. म्हणाले, "शैलेशभाई, खुदाची कसम, मी खरं तेच बोललो." मी म्हटलं, खरं बोललात हो, पण विचारलं नव्हतं तेवढं बोललात. दुसऱ्या दिवसापासून मी तालीम सुरू केली.

तालीम म्हणजे तालीमच. मी टेबलामागे बसायचो, चष्मा नाकाच्या टोकावर, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. प्रवासी समोर उभा, हातात कागद. मी साहेब होऊन प्रश्न विचारणार, त्याने उत्तर द्यायचं. विचारलं तेवढंच, आणि शक्यतो एका शब्दात. पाल्हाळ लावलं की पुन्हा पहिल्यापासून. माझी बायको विनिता म्हणायची, तुला शाळेत नाटकात घेतलं नाही ना कोणी, त्याचा सूड तू गिऱ्हाइकांवर उगवतोस. तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण लोक तालमीची चेष्टा करत करत सुखरूप पोचायचे आणि पोचल्यावर फोन करायचे.

मग कोरोना आला. पहिलं वर्ष दुकान बंद आणि आम्ही रोडपालीच्या घरात कोंडलेले. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत विमानं बरीचशी सुरू झाली, पण नियमांचा नुसता पूर. मी दुकानाच्या काचेवर नियम छापून चिकटवायचो. सकाळी चिकटवलेला कागद संध्याकाळी खोटा ठरायचा. सगळ्यात कडक नियम अंदमानचे. बरोबरच आहे म्हणा, बेट ते बेट. एकदा रोग आत शिरला की तिथल्या माणसांनी पळायचं कुठे? मार्चमधल्या त्या आठवड्याचा नियम असा होता: नाकातला नमुना विमानात बसण्याआधी अठ्ठेचाळीस तासांच्या आत दिलेला हवा, रिपोर्ट निगेटिव्ह हवा, उतरल्यावर पुन्हा तपासणी, मग सात दिवस विलगीकरण, आणि सातव्या दिवशी शेवटची तपासणी. घरात वेगळी खोली असेल तर घरी, नसेल तर ठरवून दिलेल्या लॉजवर. रोज सकाळी आरोग्य खात्याचा फोन येणार, तब्येत विचारणार. हे सगळं मला तोंडपाठ होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. इतकी वर्षं मी नियमांचा माणूस होतो. आता सगळं जगच माझ्यासारखं झालं होतं.

अशा दिवसांत गुणाबाई माझ्या दुकानात आली.

गुणाबाई पनवेलच्या मासळीबाजारात बसायची. घर कोळीवाड्यात. नवरा लवकर गेला आणि एकुलत्या एका पोरीला, कोमलला, तिने टोपलीवर वाढवलं. मी तिचं अठरा वर्षांचं गिऱ्हाईक. बाजारात काही जणी अशा आहेत की कालचा बोंबील हातात धरून आत्ताच होडीतून उतरल्याची शपथ घालतील. गुणाबाईचं उलटं. मी समोर उभा राहिलो की पाटीवरचं पापलेट उचलून ती नाकाशी न्यायची आणि म्हणायची, "शेट, आज नको नेव. कालची हाय." शेजारणी तिच्यावर डाफरायच्या, तू स्वतः उपाशी मरशील आणि आम्हालाही मारशील. ती म्हणायची, "नाकाला कलतं ते तोंडान सांगाचा. त्यात लाज कसली?" अठरा वर्षांत तिने मला एकदाही शिळी मासळी दिली नाही. बाजारात तोंड मात्र अखंड चालू. भाव सांगता सांगता ती शेजारणीच्या सुनेपासून खाडीच्या गाळापर्यंत सगळं सांगायची.

"शेट, मना कोमलकडं जावाचा हाय," ती खुर्चीवर न बसताच म्हणाली.

कोमलचा नवरा जीवन पोर्ट ब्लेअरच्या बंदरात जहाजदुरुस्तीच्या कामावर होता. लग्नानंतर कोमलही तिकडेच. तिला नववा महिना चालू होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण सातव्यात यायचं ठरलं तेव्हा विमान रद्द झालं, आठव्यात डॉक्टरने प्रवासाला नको म्हटलं. तिकडे जीवनची आई नाही. पोरगी एकटी.

"पोर पयलटकरीन हाय," गुणाबाई म्हणाली. "तिला येता येत नाय त आई जाईल. माज्या हातात बाल नाय आला त माजा जीव हितं लागल का?"

बाळ हातात घ्यायचं, एवढीच तिची मागणी होती. मी तारखा मांडल्या. बाळंतपणाला सतरा-अठरा दिवस होते. सात दिवस विलगीकरणाचे गेले तरी हाताशी दहा दिवस उरत होते. जीवनचं बिऱ्हाड एका खोलीचं, म्हणून सात दिवस लॉजवर राहावं लागणार होतं. मी म्हटलं, मावशी, होऊन जाईल. तू फक्त मी सांगतो तसं कर.

तालीम दुसऱ्या दिवशी झाली. कधी विमान न पाहिलेली बाई, तरी नाकात नथ, अंबाड्यात फूल, इस्त्रीचं लुगडं नेसून आली होती. जणू तालमीतच विमान सुटणार होतं. आरोग्य खात्यातला माणूस हिंदीत विचारणार, म्हणून मीही हिंदीत सुरुवात केली.

"बुखार है?"

"बुखार नाय रं शेट, पर परवा दिसभर उन्हात बसली, त अंग जरा कसकस..."

"मावशी."

"काय?"

"एक शब्द."

"मंग खोटा बोलू?"

"खोटं कुठे? ताप आहे का आत्ता? नाही. मग 'नाय' म्हण आणि गप्प बस."

गप्प बसणं तिला सगळ्यात अवघड गेलं. खोकला विचारला तर तिने नवऱ्याचा खोकला सांगितला, गेल्या जन्मीचा म्हणावा इतका जुना. धाप विचारली तर बाजाराच्या पायऱ्या किती उंच बांधल्यात हे सांगितलं. विनिता त्या दिवशी डबा द्यायला आली होती, ती कोपऱ्यात तोंडाला पदर लावून हसत होती. शेवटी मी कागदावर सहा उभ्या रेघा ओढल्या. ताप, खोकला, घसा, अंगदुखी, धाप, या पाचांना 'नाय'. सहावा प्रश्न वास येतो का, त्याला 'हाय'.

"वास इचारतो तो मना?" गुणाबाई खरोखर दुखावली. "या नाकावर पोर वाढवली मी."

"म्हणूनच सांगतो, तिथे 'हाय' म्हणायचं. पाच नाय, एक हाय. म्हण."

तिने बोटांवर मोजत म्हटलं. सात-आठ फेऱ्यांत इतकं पक्कं बसलं की प्रश्न संपायच्या आत उत्तर यायला लागलं. मी टाळी वाजवली आणि तिकीट छापायला संगणकाकडे वळलो. तेवढ्यात तिने मागून विचारलं, "आन शेट, खराच ताप आला त?"

मी वळूनही पाहिलं नाही. म्हटलं, "आला तर एक गोळी घे आणि नाय म्हण. एकदा जरी 'हो' म्हणालीस ना, की उचलून नेतील, चौदा दिवस आत. मग बाळ बारशालाच बघशील."

ती पुन्हा बोटांवर मोजत म्हणाली, "नाय, नाय, नाय, नाय, नाय, हाय." मला वाटलं, पाठ पक्का करतेय.

'गोळी घे आणि नाय म्हण' हे वाक्य मी त्या दिवशी इतकं सहज बोललो की विनितालाही ते खटकलं नाही. मीच ते आता रोज ऐकतो.

निघायच्या आदल्या दिवशी ती सामान दाखवायला आली, कारण मी ते तपासतो. पिशवीत बाळाची दुपटी, डिंकाचे लाडू आणि खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. दुकानात ती पिशवी उघडली आणि समोरच्या चहावाल्याने तिथून वर पाहिलं. सुकी मुशी. लहान शार्क माशाच्या पट्ट्या मीठ लावून वाळवलेल्या. बाळंतिणीला मुशी घातली की दूध येतं, हे कोळीवाड्यात डॉक्टरपेक्षा वरचं. पण सुक्या मुशीचा वास म्हणजे काय, हे ज्याला माहीत नाही त्याला सांगून पटणार नाही.

"मावशी, बेटाला चारी बाजूंनी समुद्र आहे. तिकडे मासे कमी पडलेत का?"

"तिकडच्या मुशीला माजा हात लागलाय का?" ती म्हणाली.

मग मी तो पुडा माझ्या हातांनी बांधला. वर्तमानपत्रावर प्लास्टिक, प्लास्टिकवर खाकी कागद, त्यावर चिकटपट्टीचे सात वेढे. नाक लावून पाहिलं, विनिताला पाहायला लावलं. काही नाही. विमानतळावरचं कुत्रंसुद्धा फसेल, असं मी म्हणालो आणि स्वतःवर खूश झालो.

तिचा नमुना खारघरच्या लॅबमध्ये मी तिला स्वतः नेऊन द्यायला लावला, वेळेचा हिशोब उलटा मांडून, म्हणजे चेन्नईला विमान बदलायला उशीर झाला तरी अठ्ठेचाळीस तास उलटू नयेत. रिपोर्ट निगेटिव्ह. गाडीत बसताना तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. पोर्ट ब्लेअरला उतरल्यावरची तपासणीही निगेटिव्ह आली. दारातून परत फिरली नाही. मी दुकानात पेढे वाटले नाहीत एवढंच.

तिला लिहिता यायचं नाही, पण कोमलने फोनवर आवाज पाठवायला शिकवलं होतं. रोज सकाळी आरोग्य खात्याचा फोन झाला की तिचा मला निरोप यायचा. पहिल्या दिवशी: "शेट, इचारला त्यान. ताप नाय, खोकला नाय, घसा नाय, अंग नाय, धाप नाय, वास हाय. झाला ना बराबर?" मी उलट आवाज पाठवला, शंभरपैकी शंभर. दुसऱ्या दिवशी तेच, वर पाच मिनिटं लॉजच्या भाताची निंदा. लॉजची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. संध्याकाळी कोमल पोट सावरत समोरच्या रस्त्यावर येऊन उभी राहायची आणि मायलेकी खिडकीतून हातवारे करायच्या, हेही तिने सांगितलं. तिसऱ्या दिवशी सहा शब्द आणि वर एकच वाक्य, की कोमलचं पोट खाली उतरलंय, पोरगीच होणार.

चौथ्या दिवशी निरोप असा होता: "झाला फोन. ताप नाय, खोकला नाय, घसा नाय, अंग नाय, धाप नाय, वास हाय." मग थोडी शांतता, पंख्याचा आवाज, आणि मग, "आन शेट... मुशीचा वास येत नाय."

मी तेव्हा चहा पीत होतो. मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. फोन तोंडाशी धरून मी म्हणालो, "मग मावशी! पॅकिंग कोणाचं आहे? सात वेढे मारलेत सात!" आणि वर पोटभर हसलो.

तिचं उत्तर दुपारी आलं. फक्त, "हा."

पाचव्या दिवशी सहा शब्द. सहाव्या दिवशी सहा शब्द, पण मध्ये मध्ये थांबून. मला वाटलं, झोपेतून उठून बोलतेय. मी पाठवलं, शाब्बास मावशी, उद्या शेवटची परीक्षा. ती अशी कमी बोलायला लागली याचं मला कौतुक वाटलं. वीस वर्षांत इतकं चांगलं कोणी शिकलं नव्हतं.

सातव्या दिवशी तपासणीला माणूस आला तेव्हा ती दार उघडायला उठू शकली नाही. रिपोर्ट यायची वाट कोणी पाहिलीच नाही, तिला थेट दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी कोमलला मुलगी झाली, त्याच गावात, दुसऱ्या दवाखान्यात. नर्सने गुणाबाईला फोनवर फोटो दाखवला म्हणे. तिने तो पाहिला की नाही, हे कोणी सांगू शकलं नाही. आणखी तीन दिवसांनी जीवनचा फोन आला. तो म्हणाला, "डॉक्टर बोलले, तीन-चार दिवस आधी आणायला पाहिजे होतं." एवढं बोलून तो रडायला लागला.

नंतर मी स्वतःला काय काय समजावलं ते सांगतो, कारण माणूस स्वतःचा वकील फार चांगला असतो. दोन्ही तपासण्या निगेटिव्ह होत्या. नियम मी एकही मोडला नव्हता. वाटेत, विमानात, कुठेही लागलं असेल. तिला स्वतःलाच कळलं नसेल. अशी कितीतरी माणसं त्या वर्षी हसता हसता गेली. कळलंच नसेल तर ती 'हो' म्हणणार कशाला? या शेवटच्या वाक्यावर मी वर्षभर झोपलो. तालीम मात्र पुन्हा घेतली नाही. विनिताने का म्हणून विचारलं नाही.

कोमल वर्षाने पनवेलला आली, आईचं घर आवरायला. नियम उठत आले होते. कडेवर पोर घेऊन ती दुकानात शिरली तेव्हा क्षणभर मला गुणाबाईच वाटली; तीच उभं राहायची पद्धत, बस म्हटलं तरी न बसण्याची. पोरीचं नाव पूर्वी. टेबलावर ठेवली तर तिने माझा शिक्का उचलून तोंडात घातला.

"काका, आईचं सामान जीवनने आणलं होतं," कोमल म्हणाली. "दुपटी आहेत, लाडू त्याने वाटून टाकले. मुशीचा पुडा मात्र टाकावा लागला. उघडा होता ना."

"उघडा?"

"हो. चौथ्या दिवसापासून लॉजभर वास सुटला होता म्हणे. मॅनेजर दोनदा दार वाजवून आला. आई आतून त्यालाच विचारत होती, खरंच येतो का वास? दोन्ही वेळा तेच विचारलं. तो वैतागून गेला."

मी शिक्का पूर्वीच्या हातातून सोडवायला लागलो.

"एका बाजूने नीट चिरला होता तो पुडा, मासा चिरतात तसा," कोमल म्हणाली. "काका, तिने तो का उघडला असेल? खोलीत शेगडी नव्हती, काही नव्हतं. आणि माझ्यासाठी आणलेलं ती कधी उघडायची नाही. तुम्हाला रोज आवाज पाठवायची ना? काही बोलली होती का त्याबद्दल?"

"नाही," मी म्हणालो.

विचारलं तेवढंच, आणि एका शब्दात. कोमलने मान हलवली. तिने विश्वास ठेवला, कारण तिच्या आईने ठेवला होता.

ती गेल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि फोनमध्ये मागे मागे जात तो दिवस काढला. वर्षभर मी तिकडे बोट नेलं नव्हतं. "मुशीचा वास येत नाय." मी ते दहा-बारा वेळा ऐकलं. तिच्या जेवणाची चव गेली असेल, नाकाची शंका आली असेल. मग तिने कोळणीने करावी तीच तपासणी केली. पिशवीतली सगळ्यात वासाची वस्तू चिरली आणि नाकाशी धरली. ज्या नाकावर तिने पोर वाढवली, त्या नाकाला मुशी कळली नाही. तिला सगळं कळलं होतं. आरोग्य खात्याला तिने माझा धडा म्हणून दाखवला, आणि मग मला, तिच्या अठरा वर्षांच्या गिऱ्हाइकाला, नेहमीसारखं खरं सांगितलं. कालची हाय, शेट. आणि मी हसलो. ती विचारत होती, आता काय करू. मी माझ्या चिकटपट्टीचं कौतुक सांगितलं. चौथा दिवस होता तो. डॉक्टर म्हणाले होते ते तीन-चार दिवस हेच.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी मासळीबाजारात गेलो. गुणाबाईच्या जागेवर एक नवी बाई बसते, गोड बोलते. पापलेट ताजं आहे म्हणाली, मी आणलं. विनिताने पिशवी उघडली, नाक मुरडलं आणि म्हणाली, "गुणाबाई असती तर नेऊ नको म्हणाली असती." तिने ते सहज म्हटलं. मी चपला घातल्या आणि कोळीवाड्यात गेलो.

कोमल ओटीवर बसून आईची भांडी कागदात गुंडाळत होती. छोटी पूर्वी रिकाम्या टोपलीत बसली होती. दोन दिवसांनी त्यांचं विमान होतं. तिकीट मीच काढलं होतं, आणि आता त्याला ना तपासणी लागत होती ना लॉज. मी म्हटलं, "कोमल, काल मी खोटं बोललो." मी फोन काढून तो चौथा दिवस लावला.

पंख्याची घरघर आली, मग गुणाबाई. कोमलच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. वर्षभरात तिने आईचा आवाज ऐकला नसावा. सहा शब्द झाले, थांबणं झालं, मुशी झाली.

"पुन्हा लावा," ती म्हणाली.

मी पुन्हा लावलं. मग तिने फोन स्वतःच्या हातात घेतला, तिसऱ्यांदा ऐकलं आणि शेवटच्या वाक्याला डोळे मिटले. ती गुणाबाईची मुलगी. तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"मग तुम्ही काय म्हणालात?" तिने विचारलं.

तिने खाली पाहिलं. माझं उत्तर तिथेच होतं, आईच्या निरोपाखाली. तिने बोट लावलं. "मग मावशी! पॅकिंग कोणाचं आहे? सात वेढे मारलेत सात!" आणि ते हसू. ओटीवर ते इतकं मोठं वाटलं की शेजारची बाई दारात आली.

टोपलीत बसलेली पूर्वी वर बघायला लागली. कोण हसतंय ते तिला कळेना, पण हसू ऐकून तिलाही हसू आलं. टोपलीच्या काठाला धरून ती खुदुखुदू हसत राहिली, माझं हसू संपल्यावरही.

कोमलने फोन माझ्या हातात दिला, पोरीला उचललं आणि ती आत गेली.